धरण झालं, तरी लढा सांगायचाच: मुळशीवर मुलांसाठी पुस्तक लिहिताना

मुळशी सत्याग्रहावर, म्हणजे पुण्याजवळच्या मुळशी धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यावर, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी माहितीपर पुस्तक लिहायचं म्हटल्यावर एका प्रकाशकांनी पहिलाच प्रश्न केला, "धरण तर शेवटी झालंच. मग मुलांना सांगणार काय?"

त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे मुलांसाठी इतिहास लिहायचा तो बहुतेक वेळा जिंकलेल्यांचा, आणि तोही एका थोर माणसाच्या चरित्रातून. मला मात्र हाच लढा हवा होता. पुण्यातल्या मुलांना मुळशी म्हणजे पावसाळ्यातली सहल, ताम्हिणीचे धबधबे, भाजलेलं कणीस. त्या पाण्याखाली कुणाची तरी भातखाचरं आहेत आणि ती वाचवायला शंभर वर्षांपूर्वी माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली होती, हे त्यांना कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटत होतं.

वाचन भरपूर झालं. लढ्यात स्वतः उतरलेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी लिहून ठेवलेला वृत्तांत, राजेंद्र व्होरा यांचा इंग्रजीतला अभ्यास, जुनी वर्तमानपत्रं. घटनाक्रम हाताशी आला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने आधी खोपोलीला वीज काढली होती, आता नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण येणार होतं. 50 हून अधिक गावं आणि सुमारे 11,000 माणसं त्यात भरडली जाणार होती. सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमीन घ्यायची आणि कंपनीला द्यायची, असा मार्ग. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशी पेट्याच्या (पेटा म्हणजे तालुक्याचा एक भाग) बाजूने लिहिलं. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले.

हे सगळं असंच्या असं छापलं असतं तर ते परीक्षेच्या टिपणासारखं दिसलं असतं. म्हणून सुरुवात माणसांपासून न करता पाण्यापासून केली, आणि आजही मला ते प्रकरण सगळ्यात जवळचं वाटतं. मुळशीच्या खोऱ्यात पडलेला पावसाचा थेंब मुळेत जायचा. पुण्यात मुळा-मुठा, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि सगळा देश ओलांडून बंगालचा उपसागर. धरणानंतर तेच पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याकडे वळवलं गेलं. तिथून ते सुमारे 500 मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथल्या वीजकेंद्रावर पडतं, जनित्रं फिरवतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. कुंडलिका अरबी समुद्राला मिळते. म्हणजे थेंबाचा समुद्रच बदलला. कोलाडला जी राफ्टिंग चालते, ती याच सोडलेल्या पाण्यावर.

हा नकाशा मी वर्गात फळ्यावर काढला तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मग खालच्या गावांची नदी कमी झाली ना?" धरणात गेलेल्या गावांचाच विचार मी करत होते, तिने धरणाच्या खालची गावं पाहिली. पुस्तकात तिचा प्रश्न एका चौकटीत आहे.

पुढे खरी झटापट संपादकांशी झाली. त्यांना एक दहा वर्षांचा काल्पनिक मुलगा हवा होता. तो आजीबरोबर राहणार, सेनापतींना निरोप पोचवणार वगैरे. मुलांना गोष्ट लागते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण ज्या माणसांची नावंसुद्धा कुणी नीट नोंदवली नाहीत, त्यांच्या तोंडी मी माझी वाक्यं घालायची आणि वर पुस्तकाला 'माहितीपर' म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं. मुलं विश्वासाने वाचतात. जे छापलं ते घडलं, असंच ती धरून चालतात.

मग बिनचेहऱ्याच्या माणसांविषयी लिहायचं कसं? मी वस्तूंकडे आणि कामांकडे वळले. मावळातला शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो: शेण, पाला, फांद्या खाचरात पसरून जाळतो, मग त्या जमिनीवर रोपं करतो. उतारावर नाचणी आणि वरी, खाली खाचरात आंबेमोहोर. ही खाचरं पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती धरून तयार केलेली. पैसे मिळाले तरी असं खाचर बाजारात विकत मिळत नाही, हे एकदा समजलं की "नुकसानभरपाई मिळत होती ना, मग का भांडले?" हा प्रश्न मुलं आपोआप विचारेनाशी होतात. तलावाच्या काठच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून राब भाजण्याची सगळी रीत विचारून घेतली. एका आजोबांनी चित्रकाराला बसवून घेतलं आणि बांधाचा उतार कागदावर दुरुस्त करायला लावला. ते पान पुस्तकातलं सर्वात देखणं पान झालं आहे.

सगळ्यात अवघड दोन प्रकरणं. पहिलं, लढणारे सगळे एकाच बाजूचे नव्हते हे सांगायचं. पेट्यात पुण्याच्या सावकारांच्याही जमिनी होत्या. जमीन कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. तिच्यावर मालकी असणाऱ्या अनेकांना चांगला भाव मिळाला तरी चालणार होतं. यातून फूट पडली आणि लढ्याचा जोर ओसरला. एका मास्तरांनी सुचवलं, मुलांसाठी हे वगळा, गुंतागुंत होते. मी वर्गात वाचून दाखवलं. मुलांना काहीच जड गेलं नाही. घर भाड्याचं असणं आणि स्वतःचं असणं यातला फरक त्यांना आपल्याहून चांगला कळतो.

दुसरं प्रकरण 1924 चं. अहिंसा ही सत्याग्रहाची एकमेव अट आहे, असं मानायला बापट तयार नव्हते. लढा हातचा जातोय असं दिसल्यावर त्यांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. हे लिहावं की नाही यावर बरीच चर्चा झाली, कारण शाळा पुस्तक घेणार नाहीत अशी धास्ती. मी ठाम राहिले. बापटांचं म्हणणं आणि त्याला विरोध करणाऱ्या गांधीवाद्यांचं म्हणणं, दोन्ही समोरासमोरच्या पानांवर, सारख्या जागेत दिलं. निकाल दिला नाही. ज्या वर्गात हे वाचलं तिथे तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालू होता. "गाडीत माणसं होती ना?" असं एक जण विचारत होता, तर दुसरी "गावातही माणसं होती" म्हणत होती.

पुस्तक तीन फर्म्यांचं, म्हणजे 48 पानांचं ठरलं होतं. सेनापतींचं बालपण, त्यांचं गाव पारनेर, परदेशातलं शिक्षण यावर मी लिहिलेलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. चांगलं होतं, पण त्याने पुन्हा एका माणसाचं चरित्र झालं असतं. त्या जागी सत्याग्रहात उतरलेल्या आणि तुरुंगात गेलेल्या बायांचं पान आलं.

राहिला प्रकाशकांचा तो पहिला प्रश्न. भिऱ्याचं वीजकेंद्र 1927 मध्ये सुरू झालं, गावं गेली, हे मी शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. मुलांना शेवटपर्यंत खोट्या आशेवर ठेवायचं नव्हतं. त्यापुढे एक लांब पट्टी आहे, दोन पानांवर पसरलेली. कोयनेचे विस्थापित, 1976 चा महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा, नर्मदेच्या खोऱ्यातलं आंदोलन, आणि 2013 मध्ये संसदेने 1894 च्या कायद्याच्या जागी आणलेला नवा कायदा. मुळशीमुळेच हे सगळं झालं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण "जमीन घेताना आम्हाला विचारलंत का?" हा मावळ्यांचा प्रश्न त्या पट्टीवर पुन्हा पुन्हा येतो, आणि तो दर वेळी वेगळ्या खोऱ्यातल्या माणसांनी विचारलेला आहे.

शेवटच्या प्रुफावर तलावाकाठच्या शाळेतल्या एका मुलाने पट्टीवर बोट ठेवून वजाबाकी केली. "1894 ते 2013. एकशे एकोणीस वर्षं एकच कायदा? कुणी बदलला का नाही?" प्रकाशकांना विचारून त्या पानाच्या तळाशी आम्ही हा प्रश्न जसाच्या तसा छापला आणि खाली उत्तरासाठी आठ ओळी कोऱ्या सोडल्या.