ओव्हरटाइमचा फ्रिज

रविवारी भाच्याचा फोन आला. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत आहे तो, परमनंट होऊन दोन वर्षं झाली. म्हणाला, "मामा, दोन महिने झाले, रोज ओव्हरटाइम आहे. डबल रेट. बुलेट बुक करू का?"

मी विचारलं, "तुमचा पगारवाढीचा करार कधी संपला?"

"मार्चमध्ये. मागणीपत्र दिलंय युनियननं. त्याचा काय संबंध?"

संबंध सांगायचा तर १९९३ सालच्या सातपूरला जावं लागतं. मी आठवीत होतो. वडील, म्हणजे नाना, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथे साचे आणि हत्यारं बनतात. साडेतीनला सुटणारे नाना त्या वर्षी जानेवारीपासून रात्री आठ-साडेआठला घरी यायचे. सायकल लावली की मशीनवरच्या कूलंटचा वास आधी आत यायचा, मग नाना. कराराची मुदत डिसेंबरातच संपली होती, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण पाकीट जाड येत होतं. एप्रिलमध्ये आमच्या दोन खोल्यांत फ्रिज आला. १६५ लिटरचा, लाल. गल्लीतल्या बायका पातेली घेऊन बर्फ मागायला यायच्या आणि आई कुणाला नाही म्हणायची नाही.

मे महिन्यात गेटवर नोटीस लागली. कामगार मुद्दाम संथ काम करतात, शिस्त उरलेली नाही, सबब चौदा दिवसांनंतर टाळेबंदी, म्हणजे मालकच गेट बंद करणार. चार महिने ओव्हरटाइम केलेली माणसं गेटवर उभी राहून हे वाचत होती! नाना घरी येऊन एवढंच बोलले, "घाबरवतात. काही होत नाही." त्या चौदा दिवसांत रात्रीचे टेम्पो भरून जात होते, हे त्यांनी पाहिलं होतं. डिस्पॅच जोरात आहे, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

पंधराव्या दिवशी पहिल्या पाळीला गेलेले नाना साडेसातला परत आले. डबा तसाच भरलेला. गेटला साखळी, आत नवी सिक्युरिटी, एकही चेहरा ओळखीचा नाही. नानांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, आत लॉकरमध्ये अडकला होता. पुढे घरात तांदूळ संपला तरी या माणसाला काळजी त्या मायक्रोमीटरला गंज चढेल याचीच. आईची त्यावरून होणारी चिडचिड मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, पण ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मी पुढे कॉमर्स केलं. आज एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब लिहितो, म्हणजे मालकाच्या शेजारच्या टेबलावर बसतो. तिथे बसल्यावर मला ते गणित सुटलं. गोडाऊनमध्ये अडीच-तीन महिन्यांचा माल पडला असेल, तर तेवढे दिवस गेट बंद ठेवायला मालकाला फारसं काही लागत नाही. गिऱ्हाइकाला माल जात राहतो, वर पगार वाचतो. तो माल नानांनी आणि त्यांच्या सोबत्यांनीच भरून दिला होता. डबल रेटनं.

कायद्याचीही गंमत बघा. शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना कायमचा बंद करायचा तर सरकारची परवानगी लागायची. ले-ऑफ द्यायचा, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवायचं, तरी परवानगी, शिवाय मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा. टाळेबंदीला परवानगीच नको. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानं चौदा दिवसांची नोटीस सांगितली होती, ती दिली की साखळी लावायला मोकळे. टाळेबंदी योग्य होती का, हे कोर्टात ठरेल तेव्हा ठरेल, तोवर वाण्याची वही कोण भरणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्यात शंभराचे तीनशे झाले, चौदा दिवस तसेच राहिले. संप म्हटलं की लोकांना १९८२ चा गिरणी संप आठवतो. पण नव्वदच्या दशकानंतर कित्येक वर्षं अशी गेली, की देशात संपापेक्षा टाळेबंदीनं जास्त मनुष्यदिवस बुडाले. ते कुणाच्या बोलण्यातही येत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझ्या वह्या मागच्या वर्षीच्या कोऱ्या पानांच्या, आईनं दाभणानं शिवलेल्या. लाइट बिलासाठी फ्रिज बंद केला आणि उंदरांपासून वाचवायला आईनं त्यात रेशनकार्ड, नोटिशीची झेरॉक्स, युनियनची पत्रकं ठेवली. कुणी आलं की नाना फ्रिज उघडून कागद काढायचे. मधले तीन आठवडे ते निफाडकडे मामांच्या कांदाचाळीत कांदा निवडायला गेले. मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस सडका कांदा बोटानं दाबून बाजूला काढत होता.

दोन महिने झाल्यावर गेटवर टेबल लागलं. हमीपत्रावर सही करा, एकेकट्यानं आत या. 'शिस्तीत काम करीन, ठरलेलं उत्पादन देईन.' पहिल्या दिवशी नऊ जणांनी सही केली, त्यातले एक आमच्या भिंतीपलीकडचे काका. काकू तेव्हा आजारी होत्या. नाना त्यांच्याशी बारा वर्षं बोलले नाहीत. मला काका चुकले असं म्हणवत नाही. नानांना हे कधी सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

७४व्या दिवशी कामगार उपायुक्तांसमोर तडजोड झाली. मागितलेल्या वाढीचा तिसरा हिस्सा, टाळेबंदीच्या दिवसांचा पगार नाही, सस्पेंड केलेले सात जण बाहेरच. मायक्रोमीटर गंजला नव्हता. नाना त्याला रोज सुटताना तेलाचं फडकं गुंडाळायचे, हेच ते विसरले होते.

एवढं सगळं भाच्याला फोनवर कुठे सांगणार? मी फक्त विचारलं, "तुम्ही बनवताय तो माल उचलला जातोय का?"

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही ना. स्टोअरमध्ये जागा संपली, म्हणून सायकल स्टँडच्या पत्र्याखाली लावतोय."