बूच काढलेली बोट

मिनेसोटात मोटारबोट रस्त्यावरून नेताना तिच्या तळाचे बूच काढलेले असले पाहिजे, असा कायदा आहे. बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी असलेल्या भोकात फिरवून बसवायचा हा बोटभर स्क्रू पाण्यात जागेवर नसेल तर बोट बुडते आणि रस्त्यावर जागेवर असेल तर दंड होतो. दहा एकर किंवा त्याहून मोठी 11,842 तळी असलेल्या या राज्यात उन्हाळ्यातल्या शनिवारी महामार्गावरून जाणारी प्रत्येक बोट तळाचे भोक उघडे ठेवून जात असते. इतकी वर्षे इथे राहूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते, कारण बोट आपल्याला घ्यायची आहे असे मला कधी वाटलेच नव्हते.

बोट घेण्याचे समर्थन मी पुढे करीनच. आधी ती कशी घेतली ते सांगतो. नवी बोट आमच्या आवाक्यातली नव्हती. ब्रेनर्डजवळ एका तळ्याकाठी राहणारे एक निवृत्त गृहस्थ आपली 1994 सालची, अठरा फुटी, फायबरग्लासची बोट ट्रेलरसह तीन हजार डॉलरला विकत होते. कोल्हापुरात साधारण त्याच पैशांत बुलेट येते, हे माझ्या भावाने मला फोनवर दोनदा सांगितले. वर्षाची खात्री करायला विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. 1972 पासून अमेरिकेत बनणाऱ्या प्रत्येक बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या हाताला बारा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो आणि आजच्या पद्धतीत त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचे वर्ष सांगतात. बोट सोळा फुटांहून लांब असल्याने तिची मालकीची कागदपत्रे लागली. ट्रेलरची कागदपत्रे वेगळी, कारण बोट नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या अखत्यारीत येते आणि ट्रेलर वाहन खात्याच्या.

जुन्या फायबरग्लास बोटीचा खरा शत्रू आत दडलेले लाकूड असते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कवचाच्या आत मागची फळी, तळातल्या लांब पट्ट्या आणि पायाखालची जमीन बहुधा प्लायवूडची असते. एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरले की ते लाकूड वर्षानुवर्षे आतल्या आत कुजत राहते. तपासण्याची रीत जगभर एकच आहे. आपल्याकडे बायका माठ घेताना जसा बोटाने वाजवून पाहतात, तशी ही फळी छोट्या हातोडीने इंचाइंचावर वाजवायची. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत, भद्द आला तर पुढे जाऊ नये. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा आणि त्यांत फार तफावत नाही हे पाहायचे. तेलाची कांडी काढून पाहायची. तेल दुधी झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. इथल्या थंडीत हिवाळ्यापूर्वी इंजिनातले पाणी काढायचे राहिले, तर गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाला तडा देते. म्हणून मिनेसोटातली जुनी बोट घेताना तिच्या चाललेल्या तासांपेक्षा तिने काढलेल्या हिवाळ्यांची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते.

ही चौकशी मला करावीच लागली नाही. त्या गृहस्थांनी एक वही पुढे ठेवली. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कधी बदलला, पाणी गोठू नये म्हणून इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ कोणत्या ऑक्टोबरात घातले, ट्रेलरच्या चाकांना ग्रीस कधी दिले, हे सारे तिच्यात तारीखवार होते. त्यानंतर ते स्वतःहून गुडघ्यांवर बसले आणि चालकाच्या आसनामागची जमीन दाबून म्हणाले की इथे मऊ लागते आहे, दोन-तीन वर्षांत ही उखडून नवी घालावी लागेल. मी घासाघीस करण्याच्या तयारीने गेलो होतो. आता कशावर करावी हेच समजेना. आपल्याकडे जुनी मोटारसायकल घेताना विक्रेता ‘एकहाती गाडी आहे’ यापलीकडे काही सांगत नाही आणि आपणही मेकॅनिकला सोबत नेल्याशिवाय जात नाही. अर्थात इथले सगळेच विक्रेते असे नसतात. इंजिनाच्या खालच्या भागावर ताजा रंग मारून गळती झाकलेल्या बोटीही मी पाहिल्या होत्या, तेव्हा आपल्या लोकांना उगाच कमी लेखायचे कारण नाही.

बोटीचे बूच किल्लीच्या जुडग्यात अडकवलेले होते. ते जागेवर बसवल्याशिवाय इंजिन सुरूच करता येऊ नये, अशी ही युक्ती.

पहिल्यांदा बोट पाण्यात उतरवायला आम्ही मिनेटोन्का तळ्यावर गेलो, तेव्हा रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावर, एका कॉलेजवयीन निरीक्षक मुलीने आम्हाला थांबवले. याआधी बोट कोणत्या तळ्यात होती, किती दिवसांपूर्वी, मासळी ठेवायच्या टाकीत पाणी आहे का, असे तिने विचारले आणि ट्रेलरच्या कडांवरून हात फिरवून गवताची एक काडी काढून टाकली. परतताना दुसऱ्या मुलाने तेच पुन्हा केले आणि समोर उभे राहून बूच काढायला लावले. मी मनातून चांगलाच चिडलो. बोटीची नोंदणी करताना या कामासाठी अधिभारही भरला होता, म्हणजे स्वतःची झडती घ्यायचे पैसे मीच दिले होते.

या झडतीमागचे कारण मी नंतर वाचले. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा झेब्रा शिंपला मालवाहू जहाजांत तोल राखायला भरलेल्या पाण्यातून अमेरिकेत पोचला, 1989 मध्ये मिनेसोटातल्याच डुलुथच्या बंदरात सापडला आणि 2010 मध्ये मिनेटोन्कात. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळाशी साचलेले वाटीभर पाणी त्यांना पुढच्या तळ्यात न्यायला पुरते. शिंपले एकदा रुजले की पाण्याच्या नळ्या बुजवतात, बोटीच्या तळाला चिकटतात आणि अनवाणी पोहणाऱ्यांचे पाय कापतात.

हे वाचताना मला रंकाळा आठवला. दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आलेली जलपर्णी आपण रंकाळ्यात पाहिली, इंद्रायणीत आणि मुळा-मुठेत पाहतो, आणि दरवर्षी ती काढण्याचे कंत्राट निघते. ती फोफावते ती सांडपाण्यावर. हजार बुचे काढली तरी नाल्याचे पाणी थांबत नाही, त्यामुळे ही तुलना मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. एवढा बंदोबस्त असूनही इथल्या कितीतरी तळ्यांत शिंपला पोचलाच आहे. शिवाय नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोळ्यांना पाण्याची शिस्त कोणी निरीक्षक नेमून शिकवावी लागली नव्हती. तरीही प्रत्येक बोटवाला कोणी पाहत नसताना स्वतः बूच काढतो, हे मी रॅम्पवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि ते मला आवडते.

बोटीच्या चालकपरवान्याच्या बाबतीत मात्र हेच राज्य आश्चर्यकारक उदार आहे. 1 जुलै 2025 पासून 30 जून 2004 नंतर जन्मलेल्यांना अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना घ्यावा लागतो आणि 2028 पर्यंत ही मर्यादा टप्प्याटप्प्याने 1987 पर्यंत मागे जाणार आहे. मी त्याही आधीचा, म्हणून मी मोकळा. बोटीच्या तळातली पेट्रोलची वाफ बाहेर काढायला इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवायचा असतो, हे माझ्या मुलीला अभ्यासक्रमातून शिकावे लागेल. मी ते त्या वहीच्या पहिल्या पानावरून शिकलो.

आता समर्थन. भाऊ म्हणतो की वर्षातले पाच महिने चालणारी वस्तू म्हणजे पांढरा हत्ती, हवी तेव्हा भाड्याने घ्यावी. मी त्याला रीतसर हिशेब करून पाठवला आहे. नोंदणी, विमा, ऑक्टोबरातली हिवाळी तयारी, शेडचे भाडे आणि दोन वर्षांनी घालायची नवी जमीन हे सारे धरूनही, उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही पाण्यावर घालवला तर आठव्या वर्षी ही बोट भाड्याच्या बोटीपेक्षा स्वस्त पडते. ट्रेलरच्या टायरांचा खर्च त्यात धरलेला नाही, आणि पावसाचे शनिवारही वजा केलेले नाहीत.