‘मास्क दिला आहे’ एवढ्यावर भागत नाही: धुळीचा एक फॉर्म मंजूर करून घेताना

दगडी स्लॅब कापायच्या शेडमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. शेडमधले धोके शोधायचे, प्रत्येकाला तीव्रतेचे आणि शक्यतेचे एक ते पाच गुण द्यायचे, गुणाकार करायचा, पुढे उपाय लिहायचा आणि फॉर्म सुरक्षा विभागाकडे पाठवायचा, हे काम यंदा माझ्याकडे आलं. स्टँडवरून सरकणारे स्लॅब, फोर्कलिफ्टचा रस्ता, कटरचे गार्ड, आवाज, असे २३ धोके मी भरले. २२ आठवड्याभरात मंजूर झाले. हँड ग्राइंडरने कडा घासताना उडणाऱ्या धुळीच्या एका फॉर्मला मात्र अकरा आठवडे लागले, आणि लिहायला बसले आहे ती त्या एकासाठीच.

मी तीव्रता ५ आणि शक्यता ४ लिहिली होती, म्हणजे गुण २०. फॉर्म परत आला. शेरा होता: ‘मास्क दिला असल्यास गुण कमी करावेत.’ मी फोन केला. पलीकडून सांगितलं, "मॅडम, दोन गुणिले दोन करा, चारवर येईल. आजच पास करतो."

मी ते केलं नाही. शक्यता किती कमी होईल यावर एक वेळ बोलता येईल, पण तीव्रता पाचाची दोन कशी होईल? क्वार्ट्झची, म्हणजे दगडातल्या सिलिकाची, बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. ही धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच नोंदवलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या कृत्रिम दगडाच्या स्लॅबमध्ये बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या वर क्वार्ट्झ असतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असे स्लॅब बनवण्यावर, विकण्यावर आणि कापण्यावर बंदी घातली, ती याच आजारामुळे. मास्क घातल्याने आजार सौम्य होत नाही. तो नीट बसला तर धूळ कमी आत जाते, एवढंच.

उपायांचा क्रमही मी फॉर्मला जोडला. धोका मुळातूनच काढता येतो का ते आधी पाहायचं. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरायची, मग यंत्राने अडवायचं, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि या सगळ्यानंतर उरलेल्या धोक्यासाठी मास्क. आयएसओ ४५००१ या कामाच्या जागेवरच्या सुरक्षेच्या २०१८ च्या मानकातही क्रम हाच आहे.

फॉर्म दुसऱ्यांदा परत आला तो ‘फोटो जोडा’ म्हणून. फोटोत शेड स्वच्छ दिसते, कारण जी धूळ खोल फुप्फुसापर्यंत जाते ती १० मायक्रॉनपेक्षाही लहान असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. डोळ्यांना जी दिसते ती जाड धूळ, ती लवकर खाली बसते.

तिसऱ्यांदा शेरा आला: ‘मोजमाप जोडा.’ ही मागणी रास्त होती. कामगाराच्या कॉलरजवळ नळी लावून, कमरेला पंप बांधून पूर्ण शिफ्टभर हवा ओढायची आणि फिल्टरवर साचलेल्या धुळीची तपासणी करायची. पण त्याचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा यावर पाच आठवडे गेले. मी दर सोमवारी विचारायचे, दर सोमवारी ‘फाइल वर गेली आहे’ असं कळायचं. त्या पाचही आठवड्यांत माणसं रोज आठ तास तिथेच उभी होती. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी वाचलेला एक उपाय करून पाहिला. रात्रपाळीत ग्राइंडरजवळचे दिवे घालवले, कामाच्या मागे एक जोरदार बॅटरी ठेवली, तिचा झोत सरळ डोळ्यांत येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला आणि प्रकाशाच्या समोरून पाहिलं. ग्राइंडर सुरू झाला आणि झोतात धुळीचा लोट उठला. धूळ ओढून घेणाऱ्या एक्झॉस्टचं तोंड हातभर दूर होतं, लोट त्याच्या बाजूने निघून सरळ चेहऱ्यावर जात होता. मास्कच्या कडेला, जिथे दाढीमुळे फट राहिली होती, तिथून चकाकणारे कण प्रत्येक श्वासाला आत ओढले जात होते. ग्राइंडर बंद करून त्या कामगाराने मोबाइलमध्ये स्वतःलाच पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, एवढं रोज आत जातं आपल्या?"

तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी फॉर्मला जोडला. दोन दिवसांत सुरक्षा विभागाचे प्रमुख स्वतः शेडमध्ये आले, झोतात उभं राहून त्यांनी पाहिलं आणि तिथेच सही केली. तीव्रता पाचच राहिली. मला फार बरं वाटलं.

मोजमापही नंतर झालं. अमेरिकेत आठ तासांसाठी घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही सिलिकेची मर्यादा आहे, आम्ही तिच्या वर होतो. आता घासताना चाकावर पाणी पडतं आणि एक्झॉस्टचं तोंड कामापासून वीतभरावर आणलं आहे. हे अंतर महत्त्वाचं. साध्या नळीच्या तोंडापासून तिच्याच व्यासाइतकं लांब गेलं की ओढ साधारण एक दशांश उरते, त्यामुळे मोठा पंखा घेण्याआधी तोंड जवळ आणा. दुसऱ्या मोजमापात आकडा मर्यादेच्या खाली आला.

मास्क अजूनही वापरतो, पण दाढी असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क उपयोगाचा नाही. दाढी असलेल्यांसाठी हवा पुरवणारे सैल हूड मागवा, आणि ते फॉर्ममध्ये पहिल्याच वेळी लिहा. मी विसरले होते, त्यात एक आठवडा वाढला.

यादी करायला एकदा सफाईच्या वेळी फिरा. आमच्याकडची सगळ्यात वाईट धूळ कापताना नाही, तर कोरड्या झाडूने आणि हवेच्या पाइपने जागा साफ करताना उडत होती, आणि ते मला सफाई करणाऱ्या बाईंनी सांगितलं. झाडू आणि पाइप दोन्ही बंद केले.

पाणी आलं की नवे धोके येतात. ओल्या जागी विजेचा ग्राइंडर नको म्हणून आम्ही हवेच्या दाबावर चालणारा घेतला, आणि जमीन निसरडी होते त्याचा वेगळा फॉर्म भरला. तो तीन दिवसांत पास झाला. खाली साचणारा गाळ मात्र वाळू देऊ नका, वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते. आमच्याकडे शिफ्ट संपायच्या वीस मिनिटं आधी ग्राइंडर थांबतात आणि गाळ ओला असतानाच खरवडून झाकणाच्या डब्यात जातो.