तेलाआधीचं पाणी

जूनपासून आमच्या घरी गिझर बंद असतो, आणि तरी आंघोळीला पाणी गिझरचंच लागतं. हे वाक्य नाशिकरोडला फोनवर सांगितलं तेव्हा आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

गोष्ट साधी आहे. बहारीनच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, आणि गार पाण्याचा नळ सोडला की हात भाजेल असं पाणी येतं. गिझर मात्र घरात असतो, एसीच्या गारव्यात. त्याचं बटण बंद ठेवायचं, आत भरलेलं पाणी निवू द्यायचं आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी घ्यायचं. नऊ वर्षांपूर्वी ही युक्ती मला इमारतीच्या नातूरने शिकवली. नातूर म्हणजे राखणदार. आमचा केरळातल्या मलप्पुरमचा आहे. मी त्याला इक्का (दादा) म्हणते, तो मला चेची (ताई).

गेल्या ऑगस्टमध्ये इमारतीचा पंप जळला आणि दोन दिवस वरच्या मजल्यांवर पाणी चढलं नाही. मी नि इक्का तळमजल्याच्या हौदातून बादल्या भरत होतो. तिथेच राहणारे हज्जी दारात खुर्ची टाकून ही मजा बघत होते. हज्जी मूळचे मुहर्रक या शेजारच्या बेटावरचे, वय ऐंशीच्या आसपास. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापाऱ्याबरोबर मुंबईला जात, त्यामुळे हज्जींना मोडकंतोडकं हिंदी येतं. मला बघून म्हणाले, "बेटी, ये तो कुछ नहीं. हमारा पानी तो समंदर के अंदर था."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते अक्षरशः खरं निघालं.

सौदीच्या बाजूने चुनखडीच्या थरांतून जमिनीखाली वाहत आलेलं गोडं पाणी बहारीनच्या उत्तर भागात झरे होऊन वर यायचं. काही झरे खजुराच्या बागांत होते, काही थेट समुद्राच्या तळाशी. भरतीच्या वेळी माणूस कातडी पिशवी घेऊन बुडी मारायचा, झऱ्याच्या तोंडाशी ती धरायचा, भरली की तोंड आवळून वर यायचा. खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोड्या पाण्याची पखाल! नाहीतर गाढवांच्या पाठीवरून विहिरीचं पाणी दारोदार विकलं जाई. रिफाजवळच्या हुनैनी विहिरीचं पाणी गोडीसाठी नावाजलेलं होतं.

घरी सगळ्यांचा एक पक्का समज आहे: आखाती देशात जे काही आहे ते तेलामुळे. माझाही तोच होता. हज्जींनी डोक्यात किडा सोडला तेव्हापासून मी सापडेल तिथून वाचते आहे, आणि निदान या बेटापुरता तो समज अर्धाच खरा आहे. इथला नळ, दिवा आणि पुलाचा पहिला दगड तेलाआधीचा आहे. तेही रुपयांच्या हिशेबात. आपल्याच रुपयांच्या, कारण तेव्हा इथे हिंदुस्थानी रुपयाच चालायचा.

बहारीन कधी कागदोपत्री वसाहत नव्हतं. राज्य आल खलिफा घराण्याचं, आणि १८६१, १८८० आणि १८९२ च्या करारांनी परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे. पण इंग्रज म्हणजे लंडन नव्हे. आखाताचा कारभार बघणारा इंग्रज अधिकारी, रेसिडेंट, इराणच्या किनाऱ्यावर बुशायरला बसायचा आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारला उत्तर द्यायचा, पुढे हिंदुस्थान सरकारला. १८८४ मध्ये इथल्या राजधानीत, मनामात, टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानी टपाल खात्याची. १९१९ मध्ये नगरपालिका आली. तिचं इथलं नाव बलदिया. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना निजामाच्या काळातला हा शब्द आठवेल.

पैसा यायचा जकातीतून. (जकात हा आपला शब्द मुळात अरबीच. गंमत म्हणजे अरबीत त्याचा अर्थ दानधर्म. इथे सीमाशुल्काला जुमरुक म्हणतात.) मालावर शेकडा ५ कर असायचा, पण तो तिजोरीत पोचेपर्यंत वाटेत बराच मुरायचा. १९२३ मध्ये इंग्रजांनी वयस्कर शेख ईसा यांना बाजूला सारून कारभार त्यांचे पुत्र हमद यांच्याकडे देववला. पाठोपाठ जकातनाक्यावर इंग्रज अधिकारी बसला आणि खतावणी नीट झाली. ते कसं केलं याबद्दल इथे आजही दोन मतं आहेत, आणि हज्जींचं मत इंग्रजांच्या बाजूचं नाही.

१९२६ मध्ये चार्ल्स बेलग्रेव्ह हा तरुण लंडनच्या वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून अर्ज करून इथे आला. हुद्दा 'सल्लागार'. आणि हे सल्लागार तब्बल १९५७ पर्यंत न्यायनिवाडा, पोलीस, अंदाजपत्रक, रस्ते, सगळंच बघत होते. एकाच माणसात मामलेदार, फौजदार आणि कार्यकारी अभियंता!

त्याच सुमाराला फ्रँक होम्स नावाचा न्यूझीलंडचा खटपट्या इथे तेलाचा परवाना मागत फिरत होता. शेखांना तेलात रस नव्हता, पाण्यात होता. होम्सने जमिनीत खोल नळ्या घालून पाणी काढून दाखवलं, पंपाशिवाय आपोआप उसळणारं. डिसेंबर १९२५ मध्ये त्याला तेलाचा परवाना मिळाला तो या पाण्याच्या उपकाराखाली, असं इथे सर्रास सांगतात. पुढे लोक त्याला 'अबू नफ्त', म्हणजे तेलाचा बाप म्हणू लागले. खरं तर आधी तो पाण्याचा बाप.

वीज १९३० च्या सुमारास आली. मनामाच्या रास रुम्मान भागात लहानसं वीजघर उभं राहिलं. जबल दुखान या डोंगराच्या पायथ्याशी पहिली तेलविहीर लागली ती १९३२ च्या उन्हाळ्यात, आणि तेलाचं पहिलं जहाज बाहेर गेलं १९३४ मध्ये. म्हणजे मनामात दिवा लागला तेव्हा इथल्या तेलाचा थेंबही विकला गेला नव्हता. हज्जी टॉर्चला आजही 'बिजली' म्हणतात आणि पंख्याला 'बांका'. बिजली कुठून आली ते सांगायला नको. बांका म्हणजे आपला पंखा. आणि आंब्याला इथे 'हंबा' म्हणतात, तेव्हा माझी मान उगाच ताठ होते.

वेळही वाईट होती. जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांच्यात इथल्या मोत्यांचा धंदा पार बसला होता, बुडी मारणारे कर्जात होते. अशा वेळी मनामा ते मुहर्रक समुद्रातून रस्ता बांधायचं काम १९२९ मध्ये काढलं. पैसे संपले की काम थांबायचं, आले की चालू. पूल पुरा व्हायला १९४० चं दशक उजाडलं. मधला भाग फिरता होता, गलबतं आली की तो वळवून वाट द्यायची. त्याआधी शेजारच्या बेटावर जायचं तर होडी, आणि ओहोटीला चिखल तुडवत. रेंगाळलेल्या पुलाची ही कथा वाचून मला परक्या मुलखात आल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

आता नाशिकरोडकडे येते. माझे आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की एकच, नोटा नि तिकिटं छापणारी. प्रेसमधलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि त्यांनी तो मरेपर्यंत पाळला. मनामाच्या जुन्या बाजारात, कृष्णमंदिराच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर, जुनी नाणी नि तिकिटं विकणाऱ्याकडे मी एकदा उगीच थांबले. त्याने पाकिटातून एक तिकीट काढलं. पंचम जॉर्जचा चेहरा, वर इंडिया, आणि त्यावर काळ्या अक्षरांत ठोकलेलं बहारीन. अशी तिकिटं १९३३ पासून चालली. नाशिकलाच छापलेली. मग एक नोट दाखवली. रिझर्व्ह बँकेची, रंग नेहमीपेक्षा वेगळा, क्रमांकाआधी झेड. १९५९ मध्ये भारताने फक्त आखातासाठी वेगळे रुपये काढले ते हे, कारण इथले रुपये सोन्याच्या तस्करीतून भारतात परतत होते आणि परकीय चलनाला गळती लागली होती. ही नोटही नाशिकचीच. आजोबा १९५५ साली प्रेसला लागले. त्यांचा हात या नोटांना लागला असेल का? मी किंमत विचारली. माझ्या महिन्याच्या भाजीपाल्याएवढी होती. ठेवून आले, आणि पुढचा आठवडाभर हळहळत बसले.

तेल आल्यावर चित्र पालटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तेलाच्या उत्पन्नाचे तीन वाटे होत: एक राज्यकर्त्यांना, एक शिलकीला, एक कारभाराला. त्या तिसऱ्या वाट्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. पण कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे बघितलं की घास अडतो. तेल कंपनीने साहेबलोकांसाठी अवाली हे गाव १९३० च्या दशकात वसवलं आणि तिथल्या घरांत गार हवा खेळवली. विजेचं तेज मनामा-मुहर्रकमध्ये होतं. खजुराच्या बागांमधल्या खेड्यांना बरीच वर्षं वाट बघावी लागली. १९५० च्या दशकात संप झाले, निदर्शनं झाली, लोक रस्त्यावर उतरले. सल्लागारसाहेब गेले ते त्या सगळ्यानंतर. बांधकामांची यादी वाचताना हे शेजारी ठेवलं नाही तर ती यादी खात्याच्या अहवालासारखी वाटते.

मनामाच्या तोंडाशी बाब अल बहारीन ही पांढरी कमान आहे, १९४० च्या दशकाअखेरीची, सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेली. नाव 'बहारीनचं द्वार', कारण समोर धक्का होता आणि समुद्र जवळपास पायरीशी यायचा. आज तिथे उभं राहून समुद्र दिसत नाही. भराव टाकून टाकून तो पार लांब ढकललाय. पाहुणे विचारतात, द्वार कशाचं? मी उंच इमारतींकडे बोट दाखवते.

पाण्याचंही तसंच झालं. होम्सनंतर नळ्यांवर नळ्या खोल गेल्या, प्रत्येक बागेत, प्रत्येक वाड्यात. झऱ्यांचा जोर ओसरला. आज आमच्या टाकीत येतं ते मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं केलेलं. अधारी हा इथला सगळ्यात नावाजलेला झरा, तो आटला. त्याचं पाणी कालव्यांनी दूरच्या बागांना जायचं आणि काठावरची जमीन कोरडी राहायची, म्हणून म्हण पडली: अधारीसारखा, लांबच्याला पाजतो नि जवळच्याला विसरतो. हज्जींनी ती सांगितली तेव्हा मी आपलं 'दिव्याखाली अंधार' ऐकवलं. त्यांना ते एवढं आवडलं की इक्कालाही समजावून सांगितलं, अरबी-हिंदी-मल्याळमच्या खिचडीत.

दुसऱ्या संध्याकाळी पंप सुरू झाला. इक्का नि मी दमून कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरला पाणी आणायला गेलो. कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाण्याचं दुकान. १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला, दहा रुपयांना एक. एका दिनाराचे हजार फिल्स. पण शंभर फिल्सना जुनी माणसं अजून रुबिया म्हणतात. गल्ल्यावरच्या आजोबांनी बाटल्या मोजल्या, बोटं वर केली आणि म्हणाले, "तीन रुबिया."

मी सुटे काढून दिले.