काकांची राजदूत

रविवार, १० मे. कळवा. रात्रीचे सव्वादहा.

आज जुन्या मोटारसायकलींच्या रॅलीला गेलो. जाऊ नये असं घरात आईचं आणि हिचं मत होतं. दोघींचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधीच लिहून ठेवतो.

"अहो, यंदा राहू द्या. गाडी काय, पाऊस सरल्यावरही आहेच," ही काल रात्रीपासून सांगत होती. हिच्या डोक्यात १६ एप्रिल २०२३ बसलाय. त्या दिवशी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्याला लाखो माणसं भर उन्हात तासन् तास बसून होती, आणि उष्माघाताने १४ जण गेले. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका तिथे होत्या. परत आल्या त्या दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तेव्हापासून मे महिन्यात मैदान म्हटलं की ही गप्प होते. मी तिला शब्द दिला की अकराच्या आत परत फिरेन आणि डोक्यावर ऊन आलं की सावली शोधेन.

पण यंदा मला राहवत नव्हतं. माझ्या येझदीचं इंजिन जानेवारीत पूर्ण उघडलं, सिलिंडर बोअर केला, नवा पिस्टन बसवला. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे एकेक सुटा भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. चार महिने तिला हळूहळू चालवून रुळवली. आणि धाकटीला मार्चमध्ये लायसन्स मिळालं. ती मागे बसून येणार होती.

रात्री प्लग साफ केला. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण, मापाच्या बाटलीतूनच. अंदाजाने ओतलं तर उन्हाळ्यात पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दोन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. आणि दोन सुती बनियन. ती ओली करून जॅकेटच्या आत घालायची. गाडी पळत असेपर्यंत अंग गार राहतं. लोक उन्हात जॅकेट काढून नुसत्या टी-शर्टवर गाडी चालवतात, मला ते कधीच पटलेलं नाही. हवा अंगापेक्षा गरम झाली की उघड्या हातांवर येणारा वारा गार करत नाही, उलट भाजून काढतो.

पहाटे साडेपाचला निघालो. विटावा सबवेमधून पलीकडे, मग ठाणे-बेलापूर रस्ता. दिघ्याजवळ गुलमोहर फुललेला. ऐरोलीच्या मैदानात पोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि शंभराच्या वर गाड्या लागलेल्या. बुलेट, यामाहा आरएक्स १००, येझदी, जावा, आणि कडेला एक राजदूत.

राजदूतवाले काका एकाहत्तर वर्षांचे. दरवर्षी भेटतात, भांडुपहून येतात. काळं जाड चामड्याचं जॅकेट, गळ्याशी घट्ट बंद केलेलं, आणि तळव्याला झिजून पांढरे पडलेले हातमोजे. मला बघितल्यावर आधी येझदीच्या सायलेन्सरला हात लावला. "तेल जास्त झालंय तुझं, धूर निळा येतोय," म्हणाले. मग धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला.

सातला सुटायचं ठरलं होतं. सात वाजले, साडेसात वाजले. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे वाटेत आहेत, असं माइकवरून सांगत होते. आठ वाजले. मैदानात झाड नावाला नव्हतं. मंडप होता तो व्यासपीठापुरता. दर दहा मिनिटांनी "इंजिन चालू ठेवा, पाहुणे आलेच" असं सांगायचे, आणि शंभर गाड्या धडधडत उभ्या राहायच्या. मला हे असह्य होत होतं आणि मी ते तिथल्या दोघांना जाऊन सांगितलंही. आमच्या गाड्या हवेवर थंड होतात. रेडिएटर नाही, पंखा नाही. इंजिनावरच्या फिनमधून, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांमधून, वारा गेला तरच इंजिनाची उष्णता निघून जाते. उभी गाडी चालू ठेवली की ती आतल्या आत भाजत राहते. माणसाचंही तेच. घाम येतो, पण इथल्या दमट हवेत तो वाळत नाही. वारा लागला तर थोडा तरी वाळतो. उभं राहिलं की नुसताच ओघळतो आणि शरीर तापतच जातं. म्हणून तर कोकण किनाऱ्यावर पारा ३७ वर गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. मैदानी भागात त्याला ४० लागतात.

उन्हात रॅली काढणं चूक आहे असं मला आजही वाटत नाही. उन्हात माणसं उभी करून ठेवणं चूक आहे.

साडेआठच्या सुमारास धाकटी म्हणाली, "बाबा, काकांकडे बघा." काका राजदूतच्या टाकीवर दोन्ही हात टेकून उभे होते. हेल्मेट डोक्यावरच. चेहरा पांढराफटक. मी हाक मारली तर वळले, पण नजर माझ्यावर ठरेना. एका बुलेटवाल्याने आणि मी मिळून त्यांना धरलं आणि मंडपात आणलं, खुर्च्या बाजूला सारून आडवं केलं. हेल्मेट काढलं, जॅकेटची चेन ओढली. आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला. धाकटीने माझ्या बॅगेतलं दुसरं ओलं बनियन काढून त्यांच्या मानेवर ठेवलं. एक ताई पुढे आल्या, त्या नर्स निघाल्या. त्यांनी काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवायला सांगितली, पायाखाली दोन हेल्मेटं घातली आणि वारा घालत राहायला सांगितलं. मीच हातमोजे ओढून काढले. आतून ते चिकटले होते, बोटांवर सुरकुत्या पडलेल्या, जसं बराच वेळ पाण्यात हात ठेवल्यावर होतं तशा.

ताईंनी नाव विचारलं, वार विचारला. काकांनी दोन्ही बरोबर सांगितलं. "गोंधळलेले असते तर मी एक मिनिट थांबले नसते, १०८ लावला असता," त्या म्हणाल्या. साखर-मिठाचं पाणी घोटाघोटाने दिलं. वीस मिनिटांत रंग परत आला. त्यांच्या सुनेला फोन केला. तिने गाडी घेऊन यायचं आणि वाटेत डॉक्टरांना दाखवूनच घरी न्यायचं, असं ताईंनी बजावलं.

तोवर मैदानातल्या लोकांनी आपणहून ठरवलं. कोणी पाहुण्यांची वाट बघितली नाही. पहिल्या चार बुलेट फाटकातून बाहेर पडल्या आणि मागे सगळे.

मी थांबलो होतो. काका म्हणाले, "तू जा." मग राजदूतकडे बघत म्हणाले, "हिला टेम्पोत घालू नका रे. आल्यासारखी फिरवून आणा."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी तिला येझदीची चावी दिली. ती घराजवळ, पारसिकनगरच्या रस्त्यावर येझदी चालवते, पण एवढ्या गाड्यांत कधी नाही. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला आणि त्याचीच किक मारली. दुसऱ्या किकला गाडी लागली. मी राजदूतवर बसलो. गाडी चालवायला मी शिकलो तोच राजदूतवर, कॉलेजात असताना एका मित्राच्या वडिलांच्या. पस्तीस वर्षांनी हात बसायला ऐरोलीपासून रबाळेपर्यंतचा रस्ता लागला. काकांची गाडी इतकी नीट ठेवलेली आहे की क्लच दोन बोटांनी दाबला जातो.

घणसोली, कोपरखैरणे, वाशी. गाडी पळायला लागली आणि ओल्या बनियनमधून वारा आत शिरला, तेव्हा पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. मग पाम बीच रस्ता. तिथे सावली नाही, एका बाजूला कांदळवन आणि खाडी, पण खाडीवरून वारा येतो. नेरुळच्या बाजूला पाण्यात फ्लेमिंगो अजून होते, लांबून नुसता गुलाबी पट्टा दिसत होता. आरशात येझदी दिसत होती. धाकटी हात ताठ धरून चालवत होती, लेन सोडत नव्हती. मी मुद्दाम साठच्या वर गेलो नाही.

बेलापूरला किल्ला चौकाजवळ, महापालिकेच्या मोठ्या झेंड्याच्या अलीकडे थांबलो तेव्हा दहा वाजले होते. डांबर एवढं मऊ झालं होतं की एका बुलेटचा साइड स्टँड खाली रुतायला लागला आणि गाडी कलायला लागली. कोणीतरी शीतपेयाचा डबा पायाने चेपून त्याखाली सरकवला. ताडगोळेवाला बसला होता. त्याच्याकडचे सगळे ताडगोळे आम्हीच संपवले. सालीला लागलेला चीक बोटांना चिकटत होता, आत गार पाणी.

हिला दिलेला शब्द पाळला नाही. घरी यायला एक वाजला, कारण राजदूत आधी भांडुपला सोडायची होती. ऐरोली पुलावरून गेलो. धाकटी येझदीवर मागे होतीच. काका गॅलरीत लुंगी-बनियनवर उभे होते. डॉक्टरांनी दोन दिवस आराम आणि भरपूर पाणी सांगितलंय. खाली आले नाहीत, वरूनच गाडीभोवती एक फेरी मारायला सांगितली. मी फेरी मारली आणि गाडी जिन्याखाली त्यांच्या जागेवर लावली, पेट्रोलचा कॉक बंद केला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. तब्येतीचं विचारलं तर "बरी आहे" एवढंच. मग म्हणाले, "चालवताना खालून काही आवाज आला का? चेन सैल वाटली का?" मी सांगितलं, काही नाही. थोडा वेळ गप्प होते. "किती झाली?" म्हणाले. मी मीटर बघून कागदावर लिहून आणलं होतं, वाचून दाखवलं.

त्यांचे हातमोजे माझ्याच पिशवीत राहिलेत. गॅलरीत वाळत घातलेत. परवा कामावरून येताना देऊन येईन.

आयोजकांच्या ग्रुपवर आत्ता लिहिलं: पुढच्या वर्षी सहाला सुटायचं, कोणासाठीही थांबायचं नाही, आणि मैदान नको, झाडं असलेला रस्ता हवा. खाली बावीस जणांनी "सहमत" लिहिलंय. त्यात एक काकांचा नंबर आहे.