दुसरा गट पार झाला

हिमालयातल्या रूपिन खिंडीच्या ट्रेकवरून पोरांना घेऊन परत येऊन आठवडा झाला. इथं मारेगावकडं पारा पंचेचाळीसला टेकलाय. काल संध्याकाळी त्यातल्या एका पोराचा बाप ओसरीवर येऊन बसला. पाणी प्याला अन् सरळ म्हणाला, "सर, दुसरे पोट्टे तं गेले नं वरून? मंग आपलेच काऊन नाई गेले?"

२०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पोरं एव्हरेस्ट चढली, तेव्हापासून इकडं प्रत्येक बापाला आपलं पोरगं चढेल असंच वाटतं. मला मे महिन्याचा बर्फ समजावून सांगावा लागला.

खिंड साधारण ४,६५० मीटरवर. शेवटची चढण म्हणजे बर्फानं भरलेली उभी, अरुंद घळ. हा बर्फ रात्री गोठून सिमेंट होतो. पहाटे बुटानं ठोकून पायऱ्या पाडाव्या लागतात. ऊन लागलं की तो वरून सैल होत जातो, मग मांडीपर्यंत पाय जातो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की समजायचं, थर भिजलाय आणि अख्खा सुटू शकतो. दुपारी तर बर्फानं धरून ठेवलेले दगडही सुटतात. म्हणून घळ उन्हाआधी संपवायची असते.

आम्ही तीनला निघणार होतो, निघालो सव्वापाचला. आयोजकांनी पाठवलेल्या मायक्रोस्पाइक्सपैकी, म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायच्या खिळ्यांपैकी, तीन जोड्यांचं रबर तुटलेलं. कंदिलाएवढ्या उजेडात, बधिर बोटांनी ते सुतळीनं बांधत बसलो. राखीव दिवस मी आधीच मागितला होता. खर्च वाढतो म्हणून तो काढला. माहितीपत्रकात मात्र 'सुरक्षितता प्रथम' ठळक अक्षरात.

घळीच्या तोंडाशी नऊ वाजले. आइस ॲक्सचा, म्हणजे बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीचा, दांडा नुसत्या हातानं दाबला तर मुठीपर्यंत आत. वरून दोन-तीन गोळे आले. मी "परत" म्हणालो. या बापाचं पोरगं सगळ्यांत दमदार. तोंड फिरवून उभं राहिलं. तेवढ्यात मागून दुसरा गट आला, फोटो काढले आणि वर चढला. आम्ही खालून बघत होतो. काहीच झालं नाही. सगळे पार.

बापाला एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

पहाटे ज्या बर्फाच्या पुलावरून नाला ओलांडला होता, तो परतताना टोचून पाहिला तर पोकळ वाजला. खाली पाण्याचा आवाज. वळसा घालायला जागा नव्हती. कमरेला दोर बांधून एकेकाला सोडलं. नेमका त्याच पोराचा पाय कमरेपर्यंत आत गेला. दोरानं ओढून काढलं. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. घरी त्यानंही सांगितलेलं दिसत नाही.

बाप बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे वाफसा निघून गेलता."

"हो. तसंच."

"वावरात जायच्या आधीच समजते नं सर, वाफसा हाय का नाई ते. तुमाले तंबूतच समजलं असन. मंग निघालेच काऊन?"

आतून चहा आला. मी त्याला बशी पुढं केली.