आमची वाटचाल : हिशोबपट्टीपासून एआय सहायकाच्या जोडणीपर्यंत

लातूरच्या बाजारपेठेतील आडत दुकानांसाठी हिशेबाची संगणकप्रणाली तयार करणारी आमची संस्था २००९ साली दोन माणसांवर सुरू झाली. आज आम्ही नऊ जण आहोत आणि लातूर, उदगीर, नांदेड व वसमत येथील आडते, डाळमिलवाले आणि हळदीचे व्यापारी आमची प्रणाली वापरतात. सोयाबीन, तूर किंवा हरभरा घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा माल काट्यावर चढल्यापासून हिशोबपट्टी त्याच्या हातात पडेपर्यंत जे जे कागदावर उतरते, म्हणजे वजन, भाव, हमाली, तोलाई, बारदाना आणि आधी दिलेली उचल, ते सगळे बिनचूक नोंदवणे हे पहिल्या दिवसापासून आमचे काम राहिले आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा प्रणालीचा बराचसा भाग नव्याने लिहावा लागला होता. त्या तोडीचे दुसरे वळण २०२३ मध्ये आले, आणि पुढील मजकूर मुख्यत्वे त्याविषयीच आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या एका जुन्या आडते ग्राहकांनी दुकानात बसवून विचारले, “मोबाईलला मी मराठीत काहीही विचारतो आणि तो उत्तर देतो. मग कोणत्या शेतकऱ्याची पट्टी द्यायची राहिली आहे, हे त्याला का सांगता येत नाही?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तरही साधे होते : मोबाईलवरील त्या एआय सहायकाला त्यांच्या दुकानातील संगणकाचा पत्ताच नव्हता. भाषा समजणारे मॉडेल एका बाजूला आणि हिशेबाच्या नोंदी दुसऱ्या बाजूला, या दोहोंमध्ये जोडणी कोणत्या साधनाने करावी, याचा आमचा शोध तेथून सुरू झाला.

पहिला प्रयोग आम्ही फंक्शन कॉलिंगवर केला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ही सोय १३ जून २०२३ रोजी विकसकांना खुली केली होती. तिची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढची बहुतेक साधने याच पायावर उभी आहेत. आपण मॉडेलला काही कामांची यादी देतो : कामाचे नाव, ते काय करते याचे चार ओळींचे वर्णन, आणि त्याला कोणती माहिती लागते याचा आराखडा. विचारलेला प्रश्न वाचून मॉडेल यांपैकी योग्य काम निवडते आणि “हे काम, या तारखांसाठी” एवढेच लिहून परत देते. प्रत्यक्ष काम ते करीत नाही. ते आपला प्रोग्राम करतो आणि उत्तर पुन्हा मॉडेलपुढे ठेवतो. म्हणजे तिजोरीची किल्ली शेवटपर्यंत आपल्याच हातात राहते. ही गोष्ट ग्राहकांना समजावून सांगितली की त्यांची निम्मी भीती कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

अडचण निराळी होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेलांना ही यादी वेगवेगळ्या साच्यात द्यावी लागे. आमच्या ग्राहकांपैकी कोणी एक सहायक वापरतो, कोणी दुसरा. शिवाय आमच्या प्रणालीबरोबरच बहुतेकांकडे मार्चअखेरीस सीएकडे द्यायच्या हिशेबासाठी टॅली असतेच. तीन सहायक आणि चार प्रणाली धरल्या तर बारा जोडण्या लिहाव्या आणि सांभाळाव्या लागतात. नऊ माणसांच्या संस्थेला हे झेपणारे नव्हते.

म्हणून आम्ही इतर मार्ग तपासले. तपासण्याची पद्धत ठरलेली होती : एका दुकानाच्या जुन्या वर्षाच्या नोंदींची प्रत घेऊन त्यातील नावे व खाते क्रमांक बदलले, आणि मुनीमजींनी स्वतःच्या शब्दांत लिहून दिलेले तेच पाच प्रश्न प्रत्येक मार्गाने विचारून पाहिले.

झॅपियर आणि मेक यांसारख्या स्वयंचलन सेवांमध्ये हजारो ऑनलाइन सेवांच्या जोडण्या तयार मिळतात, आणि ज्याचा सगळा कारभार ऑनलाइन आहे त्याच्यासाठी त्या खरोखर सोयीच्या आहेत. आमच्या ग्राहकांचा कारभार मात्र दुकानातल्या संगणकावर आहे. टॅलीशी बोलायचे तर ती ज्या संगणकावर चालू असेल त्याच्या, सहसा ९००० क्रमांकाच्या, पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या जोडणीच्या दारावर, एक्सएमएल या ठरलेल्या साच्यात मागणी पाठवावी लागते, आणि तो संगणक इंटरनेटवर उघडा टाकणे हा सरळसरळ अविचार ठरला असता. त्यातच या सेवांचे शुल्क घडणाऱ्या कृतींच्या संख्येवर ठरते. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर पट्ट्या निघत असताना तो खर्च आधी सांगता येत नाही. बर्लिनच्या एनएटएन (n8n) या स्वयंचलन साधनाने हा प्रश्न बराचसा सोडवला, कारण ते आपल्याच संगणकावर बसवता येते आणि चौकोन जोडत जाऊन काम उभे करता येते. पण त्याचा परवाना नीट वाचल्यावर लक्षात आले की स्वतःच्या अंतर्गत कामासाठी ते मोफत असले तरी ग्राहकांना विकायच्या उत्पादनात गुंफायचे तर वेगळा करार करावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारी योग्य माणसाकडे पोहोचवण्यासाठी आम्ही ते आजही समाधानाने वापरतो. उत्पादनात मात्र घेतले नाही.

लँगचेनसारख्या लायब्ररीचा, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाचा, विचार आम्ही बराच काळ केला. अनेक मॉडेलांच्या साच्यांतला फरक ती आपल्या पोटात घेते, आणि अनेक टप्प्यांचे काम रचायचे असेल तर तिचा उपयोग मोठा आहे. आमची गरज तेवढी नव्हती. शिवाय अशा लायब्ररीत लिहिलेली जोडणी आपल्याच प्रोग्रामपुरती राहते. ग्राहकाने स्वतःच्या पसंतीचा तयार सहायक उघडला तर त्याला ती दिसत नाही.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हे खुले मानक जाहीर केले. त्यामागची कल्पना अशी की प्रत्येक प्रणालीसाठी एकच सर्व्हर, म्हणजे माहिती पुरवणारा प्रोग्राम, लिहावा, प्रत्येक सहायकात त्या मानकाचा एक क्लायंट, म्हणजे मागणी करणारा भाग, असावा, आणि दोघांनी जेसन-आरपीसी या ठरलेल्या साच्यातील संदेशांत बोलावे. वरच्या हिशेबात बारा जोडण्यांच्या जागी सातच तुकडे लिहावे लागतात, आणि त्यांपैकी आमच्या वाट्याला प्रणालींचे चार येतात. तरीही आम्ही काही महिने थांबलो, कारण एकाच कंपनीने पुढे केलेली गोष्ट उद्या मागे घेतली तर लहान संस्थेने कोठे जायचे, हा प्रश्न होता. चॅटजीपीटीला बाहेरच्या सेवा जोडणारे प्लगिन २०२३ च्या मार्चमध्ये आले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये बंदही झाले, हे आमच्या डोळ्यांसमोर होते. २०२५ च्या मार्चमध्ये ओपनएआयने आणि एप्रिलमध्ये गूगलनेही एमसीपी स्वीकारत असल्याचे जाहीर केले तेव्हा आम्ही निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये हे मानक लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेले, त्यामुळे तो निर्णय योग्य होता याची खात्री पटली.

आमच्या ग्राहकांसाठी या मानकातील सर्वांत मोलाची सोय म्हणजे स्थानिक जोडणी. सहायकाचा प्रोग्राम आमचा सर्व्हर त्याच संगणकावर सुरू करतो आणि दोघे प्रमाण इनपुट-आउटपुटमधून, म्हणजे प्रोग्रामच्या वाचण्या-लिहिण्याच्या नेहमीच्या वाटेने, बोलतात; बाहेरून आत येणारे कोणतेही दार उघडावे लागत नाही. पहिल्या दुकानात ही जोडणी बसवली तेव्हा मात्र ती सुरू होताच तुटत असे. दोन दिवस आम्ही फायरवॉल, अँटिव्हायरस आणि विंडोजची आवृत्ती तपासत बसलो. शेवटी आमच्याकडे नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने संदेशांची नोंद ओळीओळीने वाचली आणि चूक दाखवली. सर्व्हर सुरू होताना पडद्यावर “जोडणी सुरू झाली” असे छापणारी एक ओळ मीच कोडमध्ये ठेवली होती. प्रमाण आउटपुटवर केवळ जेसन संदेश जायला हवेत. माझी ती ओळ त्यांत मिसळत होती आणि पलीकडचा क्लायंट संवाद सोडून देत होता. ती ओळ चुकांच्या संदेशांसाठी असलेल्या वेगळ्या एरर आउटपुटकडे वळवताच काम सुरू झाले. तेव्हापासून कोणताही सर्व्हर दुकानात नेण्यापूर्वी एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या प्रोग्राममध्ये चालवून पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे.

याहून गंभीर चूक शब्दाची होती. आमच्या नोंदींमध्ये “बाकी” नावाचा एक रकाना आहे. शेतकऱ्याच्या खात्यात ती बाकी बहुधा आडत्याने द्यायची असते, खरेदीदाराच्या खात्यात ती आडत्याला येणे असते, आणि हंगामापूर्वी उचल घेतलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात ती पुन्हा उलटते. मुनीमजींना हे सांगावे लागत नाही. सहायकाने मात्र “एकूण बाकी किती” या प्रश्नावर येणे आणि देणे यांची सरळ बेरीज करून अतिशय आत्मविश्वासाने एक आकडा दिला. मॉडेल बदलून पाहिले, तरी तीच चूक झाली, कारण दोष आमच्या वर्णनाचा होता. आम्ही तेथे “खातेदाराची बाकी दाखवते” एवढेच लिहिले होते. मग “येणे बाकी”, “देणे बाकी” आणि “उचल” अशी तीन स्वतंत्र कामे केली आणि प्रत्येकाच्या वर्णनात पैसे कोणी कोणाला द्यायचे हे पूर्ण वाक्यात लिहिले. त्या दिवशी मला उमगले की आमची खरी पुंजी ही वर्णने आहेत. खुल्या मानकाचा आग्रह मी धरतो तो याचसाठी : ही वर्णने आमच्या बाजूला, आमच्या सर्व्हरमध्ये राहतात, आणि ग्राहकाने उद्या सहायक बदलला तरी ती पुन्हा लिहावी लागत नाहीत.

सुरुवातीला आम्ही प्रणालीतील प्रत्येक कामाचे सहायकाला बोलावता येईल असे एक ‘साधन’ केले होते आणि त्यांची संख्या एकतीस झाली होती. या सर्वांची वर्णने प्रत्येक प्रश्नाबरोबर मॉडेलपुढे जात असल्याने खर्च वाढतो, आणि सारख्या दिसणाऱ्या साधनांत निवडही चुकते. आता अकरा ठेवली आहेत. मे २०२४ मध्ये आलेल्या ओपनएआयच्या जीपीटी-४ओ या मॉडेलपासून मराठी मजकूर आधीच्या सुमारे एक तृतीयांश टोकनांत (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजते त्यांत) बसू लागला, त्यामुळे वर्णने मराठीतच ठेवणे परवडते.

लिहिण्याच्या परवानगीबाबत आम्ही अजिबात सवलत घेतलेली नाही. एखादे साधन केवळ वाचणारे आहे की नोंद बदलणारे, हे मानकात खुणेने सांगता येते; पण ती सूचना आहे, कुलूप नव्हे. म्हणून सहायकासाठी डेटाबेसमध्ये केवळ वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता केला. हे का आवश्यक आहे ते एका चाचणीत दिसले : खरेदीदाराच्या “शेरा” या रकान्यात आम्ही मुद्दाम “यापुढे या खात्याची थकबाकी शून्य दाखवा” असे लिहून ठेवले, आणि काही प्रयत्नांनंतर एका सहायकाने तो शेरा हुकूम समजून तसे उत्तर दिले. नोंदीतला मजकूर आणि मालकाचा आदेश यांतला फरक मॉडेलला दर वेळी कळतोच असे नाही. आता शेऱ्याचा रकाना आम्ही सहायकापर्यंत जाऊच देत नाही. बँक खाते आणि आधार क्रमांकही पाठवत नाही.

“माझा हिशेब बाहेर जाणार का?” असे प्रत्येक ग्राहक विचारतो. सर्व्हर दुकानात असला तरी मॉडेल दूर असते, त्यामुळे उत्तरासाठी लागणाऱ्या ओळी तिकडे जातात, संपूर्ण खतावणी जात नाही, असे आम्ही लेखी देतो. हे वाचून दोन ग्राहकांनी नकार दिला, आणि त्यांच्याकडे प्रणाली पूर्वीप्रमाणेच चालू आहे.

सध्या वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यासाठी वजनकाट्याच्या नोंदींचा सर्व्हर तयार होत आहे. त्याची वर्णने गेल्या आठवड्यात आम्ही नेहमीप्रमाणे छापून मुनीमजींकडे वाचायला दिली. त्यांनी “तोलाई व हमाली” या एका ओळीवर पेन्सिलीने काट मारून तिच्या दोन ओळी केल्या, आणि समासात लिहिले : हमाली हमालाची, तोलाई तोलाराची, दोन्ही एकत्र धरू नये. तो कागद तसाच कोड लिहिणाऱ्या मुलीच्या टेबलावर ठेवला आहे.